सॅव्हाना : जिन्याखालची खोली

'सुंदर' आणि 'स्वस्त' हे दोन शब्द एकाच लॉजच्या जाहिरातीत दिसले की समजायचं, दोनपैकी एक नक्की थाप आहे. भटकायची हौस दांडगी आणि महिन्याच्या वीस तारखेला एटीएमची स्लिप बघून धस्स होणारं, अशा आपल्या जमातीला हे वेगळं सांगायला नको. सुंदर खोली हवी तर खिसा रिकामा, स्वस्त हवी तर खिडकी उघडल्यावर समोर जनरेटर! पण अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात, एक जुनं शहर आहे, जिथे हे गणित थोडं वेगळं सुटतं. फक्त घराच्या कोणत्या दारावर टकटक करायची, हे माहीत हवं.

या शहराचं नाव सॅव्हाना. अटलांटाहून साधारण चारशे किलोमीटर. हायवेने मेकनपर्यंत खाली यायचं आणि तिथून आय-16 पकडला की तो थेट शहराच्या पोटात आणून सोडतो. चार तासांचा ड्राइव्ह. अटलांटात नोकरी करणारं, ऑनसाइट गेलेलं कुणी ना कुणी आता प्रत्येकाच्या ओळखीत असतंच. माझी तर सख्खी मावसबहीण तिथे आहे. तिच्याकडे मुक्काम ठोकल्यावर चार दिवस मोकळे काढून आम्ही दोघी निघालो. अट एकच, दोघींच्या बजेटला झेपेल असं राहायचं आणि तरीही 'इथे राहिलो' म्हणून सांगावंसं वाटेल असं राहायचं.

हे शहर वाचलं कसं?

सॅव्हाना वसवलं 1733 मध्ये जेम्स ओगलथॉर्प या इंग्रज माणसाने. जॉर्जिया वसाहतीतलं हे पहिलं शहर, आणि त्याचा नकाशा इतका शिस्तीत की शाळेतल्या चौकडीच्या वहीवर आखल्यासारखा वाटतो. मध्ये एक चौक, चौकाच्या पूर्व-पश्चिमेला चर्च वगैरे सार्वजनिक इमारतींसाठी जागा, उत्तर-दक्षिणेला घरांच्या रांगा. असा सगळा मिळून एक वॉर्ड. शहर वाढलं तसे नवीन वॉर्ड जोडत गेले. एकूण 24 चौक झाले, त्यातले 22 आजही जागेवर आहेत. एका चौकातून निघायचं, दोन-तीन मिनिटं चालायचं की पुढचा चौक. वर लाइव्ह ओकची अजस्र झाडं आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारा राखाडी स्पॅनिश मॉस. भर दुपारीही सावली. 'फॉरेस्ट गंप'मध्ये टॉम हँक्स बाकावर बसून जी गोष्ट सांगतो ना, ते शूटिंग इथल्याच चिपेवा चौकातलं. बाक मात्र तिथे शोधू नका, तो आता म्युझियममध्ये आहे.

यादवी युद्धात जनरल शर्मनच्या फौजेने अटलांटापासून इथपर्यंत धुमाकूळ घातला, पण सॅव्हाना लढाईशिवाय हाती आलं. डिसेंबर 1864 मध्ये शर्मनने लिंकनला तार केली आणि हे शहर चक्क ख्रिसमसची भेट म्हणून देऊन टाकलं! त्यामुळे ते जळण्यापासून वाचलं. पण जे युद्धाने केलं नाही, ते पार्किंगने जवळपास केलं होतं. 1954 मध्ये जुनं सिटी मार्केट पाडून तिथे गाड्यांसाठी गॅरेज बांधलं. पुढच्याच वर्षी 1820 सालचं डेव्हनपोर्ट हाउस पार्किंगसाठी पाडायची वेळ आली, तेव्हा शहरातल्या सात बायका पदर खोचून उभ्या राहिल्या. त्यांनी पैसे उभे केले, घर विकत घेतलं आणि हिस्टॉरिक सॅव्हाना फाउंडेशन सुरू केलं. 1966 मध्ये सगळा जुना भाग राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झाला. वाड्यांच्या जागी अपार्टमेंट उठलेली बघत लहानाचे मोठे झालेले आपण, हे ऐकून एक उसासा टाकणारच.

हॉटेल की मोटेल?

आता मुद्द्याचं. सॅव्हानात राहण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, जुन्या भागातली देखणी हॉटेल्स. मार्शल हाउसचंच बघा. 1851 मध्ये सुरू झालेलं, युद्धकाळात तिथे सैनिकांचं हॉस्पिटल होतं. अशा ठिकाणी वीकेंडला जायचं म्हणजे खिसा भक्कम हवा. आम्ही शनिवारचे दर शोधले तेव्हा या भागात बरेच आकडे तीनशे डॉलरच्या पुढचे होते. शिवाय हॉटेलमध्ये गाडी लावायचे पैसे बहुतेक वेळा वेगळे. बहिणीने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "एवढ्यात मी एक सोफा घेते आणि त्यावर झोपते."

दुसरा मार्ग म्हणजे हायवेवरची मोटेल्स. आय-95 च्या एक्झिटजवळ किंवा पूलर गावाकडे ती रांगेने उभी आहेत, आणि निम्म्याहून कमी पैशांत खोली मिळते. अमेरिकेतल्या मोटेलच्या धंद्याचा मोठा हिस्सा भारतीय वंशाच्या, त्यातही गुजराती पटेल मंडळींच्या हातात आहे, त्यामुळे रिसेप्शनवर "कहां से हो?" ऐकू येण्याची शक्यता भरपूर. आमची पहिली रात्र अशाच एका मोटेलमध्ये गेली. काउंटरवरच्या काकांनी आलं घातलेला चहा पाजला, चादरी स्वच्छ होत्या, गाडी दारात. तक्रार काहीच नाही. पण सकाळी पडदा उघडला तर समोर पेट्रोल पंप आणि बर्गरचं दुकान. ही खोली टेक्सासमध्ये असती काय किंवा ओहायोत असती काय, फरक शून्य. शहर पंधरा-वीस किलोमीटर लांब. म्हणजे सकाळी जा, संध्याकाळी परत या. चौकांमध्ये खरी मजा येते ती दिवे लागल्यावर आणि पहाटे. आणि नेमके तेव्हाच तुम्ही हायवेवर!

तिसरा मार्ग

सॅव्हानाची जुनी घरं रस्त्यावरून बघा. मुख्य दार जमिनीवर नसतंच. रस्त्यापासून दहा-बारा पायऱ्यांचा उंच जिना चढायचा, मग दार. मालकांचा दिवाणखाना तिथे वर, रस्त्याच्या धुळीपासून दूर. आणि जिन्याच्या खाली, थोडं आडबाजूला, एक बुटकं दार असतं. त्यातून आत गेलं की घराचा तळमजला, ज्याला इथे 'गार्डन लेव्हल' म्हणतात. घराच्या मागे छोटी बाग आणि बागेच्या पलीकडे, मागच्या बोळाला लागून, एक बैठी दुमजली इमारत. ते 'कॅरेज हाउस', म्हणजे पूर्वीची बग्गी आणि घोडे ठेवायची जागा.

सॅव्हानातल्या झेपणाऱ्या दरातल्या सुंदर खोल्या शोधायच्या त्या या दोन ठिकाणी. घरमालक वरच्या मजल्यावर राहतात आणि जिन्याखालची किंवा मागची जागा पाहुण्यांना देतात. तोच चौक, तीच झाडं, तोच दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा वाडा. फक्त जिना चढायचा नाही. पैशांत फरक पडतो तो त्या जिन्याचा!

आम्हाला अशी खोली मिळाली ती फॉरसिथ पार्कपासून पाच मिनिटांवर, आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी, रात्रीचे 130 डॉलर. हॉटेलचा आणि विक्रीचा कर धरून सुमारे 15 टक्के, शिवाय जॉर्जिया राज्याचे रात्रीचे पाच डॉलर. बेरीज 154 डॉलर 50 सेंट. दोघींत वाटून माणशी साडेसत्त्याहत्तरच्या आत. (रुपयांत गुणाकार करू नका, चहा कडू लागतो.)

खोली मात्र एकदम झकास. विटांच्या जाड भिंती, त्यामुळे बाहेर उकडत असूनही आत गारवा. एक जुना पितळी पलंग, छोटं स्वयंपाकघर, मागच्या बागेत उघडणारं दार आणि बागेत फर्नच्या कुंड्या. दमट हवेचा थोडा वास होता, खिडकी लहान होती. पण संध्याकाळी त्या दारात बसून मोगऱ्यासारख्या कसल्याशा फुलांचा वास घेताना बहीण म्हणाली, "इथून माझं ऑफिस चालत असतं तर मी जन्मात अप्रेझलची तक्रार केली नसती."

वर राहणाऱ्या घरमालकीण बाई सत्तरीच्या. निवृत्त शिक्षिका. बोलणं मधाळ, शब्द लांबवत नेणारं. प्रत्येक वाक्यात 'यॉल', म्हणजे आपलं 'तुम्ही मंडळी'. दोघीजणी असलो तरी आम्ही 'मंडळी'च! सकाळी त्या स्वतः बिस्किटं घेऊन खाली यायच्या. ही चहात बुडवायची बिस्किटं नव्हेत, लोण्यात माखलेले मऊ पावच.

या भिंती कोणाच्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना विचारलं, "या विटा अशा राखाडी-तपकिरी कशा?" त्या म्हणाल्या, "या सॅव्हाना ग्रे. आता जुन्या इमारती पडल्या की या विटांना सोन्याचा भाव येतो. नदीकाठी हर्मिटेज नावाचा मळा होता, तिथे बनायच्या. बनवणारे सगळे गुलाम." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तुम्ही झोपलात ती जागासुद्धा मालकांची नव्हती. इथे स्वयंपाक व्हायचा. इथे कामाची माणसं असायची. ओवेन्स-थॉमस हाउस बघितल्याशिवाय परत जाऊ नका."

आम्ही गेलो. ओगलथॉर्प चौकातलं हे घर 1819 मध्ये पूर्ण झालं. वास्तुकार विल्यम जे. दर्शनी भाग डोळे दिपवणारा. पण इथली टूर सुरू होते मागच्या अंगणातून, कॅरेज हाउसमधून. तिथे गुलाम कुटुंबांच्या राहण्याच्या खोल्या आहेत. लहानशा, कौलाखालच्या. छतावर अजूनही फिकट निळा रंग शिल्लक आहे. हा रंग दिला की वाईट आत्मे आत येत नाहीत, अशी गुल्ला-गीची समाजाची श्रद्धा. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचा हा किनाऱ्यावरचा समाज. 2018 मध्ये या म्युझियमने आपल्या नावातच बदल केला. आता पाटी आहे 'ओवेन्स-थॉमस हाउस अँड स्लेव्ह क्वार्टर्स'. म्हणजे मागचं दारही नावात आलं.

गंमत म्हणजे ओगलथॉर्पच्या वसाहतीत सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती. 1735 मध्ये तसा कायदाच झाला. 1751 मध्ये ती बंदी उठली. आणि मार्च 1859 मध्ये याच शहराजवळच्या रेसकोर्सवर दोन दिवसांत चारशेहून जास्त माणसं विकली गेली. त्या लिलावाला आजही 'वीपिंग टाइम' म्हणतात. रडण्याचा काळ.

संध्याकाळी चौकांतून भुतांच्या टूरवाल्या बसगाड्या फिरतात. कंदील, काळे डगले, किंकाळ्या. पर्यटकांना मजा येते. मलाही आली असती, पण सकाळचं ते निळं छत डोळ्यांसमोरून हलेना. या शहराला घाबरायचंच असेल, तर भुतांची गरज नाही. वहीखात्यांत नावं आहेत.

मग असल्या जागी राहायचंच नाही का? मला तसं वाटत नाही. उलट या दारातून आत गेल्यामुळेच तर सॅव्हानाचा हा मजला दिसला. वरच्या दिवाणखान्यात उतरलो असतो तर झुंबरं बघून परत आलो असतो. फक्त 'क्यूट' म्हणून फोटो टाकताना ती खोली कुणाची होती, हे माहीत असावं, इतकंच.

आणि आता कोणाच्या?

बाई वरच्या मजल्यावर राहतात, याचं महत्त्व तिसऱ्या दिवशी कळलं. त्या सांगत होत्या, शेजारच्या दोन घरांत आता कुणीच राहत नाही. मालक दुसऱ्या राज्यात, दारावर नंबरचं कुलूप, दर शुक्रवारी नवे पाहुणे, रविवारी सफाईची गाडी. "मीठ संपलं तर मागायला जाऊ कुठे?" हा त्यांचा प्रश्न.

हा प्रश्न शहरालाही पडला होता. 2017 मध्ये सॅव्हानाच्या नगरपरिषदेने नियम केला : जुन्या भागात, मालक स्वतः राहत नसलेली अशी भाड्याची पर्यटक-घरं एका वॉर्डात 20 टक्क्यांहून जास्त असता कामा नयेत. वॉर्ड म्हणजे कोणता? तोच, 1733 मधला, चौकाभोवतीचा! पावणेतीनशे वर्षांपूर्वी आखलेली चौकट शेजार वाचवायला कामी आली. मालक जिथे राहतात, त्या घरांना ही मर्यादा लागू नाही.

म्हणून माझं साधं सूत्र : खोली अशा घरात घ्यायची, जिथे वर कुणाची तरी पावलं वाजतात. मोठा हिशोब बाजूला ठेवला तरी यात आपलाच फायदा आहे. नळ बिघडला तर माणूस जिन्यावरून खाली येतो, पावसात छत्री मिळते, कुठल्या रस्त्यावर कोणत्या दिवशी झाडू मारतात आणि गाडी उचलली जाते, हे आधी कळतं. आणि आपले डॉलर त्या घराच्या छपराच्या दुरुस्तीला लागतात.

एक खानावळ

राहण्याचं झालं, पण जेवणाचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. जोन्स स्ट्रीटवर मिसेस विल्क्स डायनिंग रूम आहे. मूळचं हे बोर्डिंग हाउस, म्हणजे भाडेकरूंची खोली अधिक जेवण. सीमा विल्क्स यांनी 1943 मध्ये ते हाती घेतलं. खोल्या गेल्या, खानावळ राहिली, तीही घराच्या खालच्याच मजल्यावर. फक्त दुपारी, सोमवार ते शुक्रवार. दहा-दहा जणांची टेबलं, अनोळखी लोकांबरोबर बसायचं, भांडी एकमेकांकडे सरकवायची. तळलेलं चिकन, रताळी, चवळी, भात, पालेभाज्या. जेवण झालं की आपली ताटली आपण उचलून आत न्यायची. थेट आपल्या मेसची आठवण! शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारावं, कारण दक्षिणेत भाजी आणि चवळी शिजवतानाही डुकराचं मांस घालायची पद्धत आहे.

आमच्या टेबलावर एक ट्रकवाले काका, डिझाइन कॉलेजमधली दोन पोरं आणि ओहायोचं एक जोडपं होतं. वाढप्याशिवाय दहा माणसांचं जेवण कसं सुरळीत होतं, हे ऑफिसातल्या टीम बिल्डिंगवाल्यांनी इथे येऊन शिकावं.

बुकिंग करण्यापूर्वी

• जाहिरातीत 'गार्डन लेव्हल' किंवा 'कॅरेज हाउस' हे शब्द शोधा. सोबत 'मालक इथेच राहतात' असा उल्लेख आहे का, ते बघा. नसेल तर सरळ विचारा.

• घरगुती मुक्कामाला शहराचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा नंबर जाहिरातीत असावा लागतो. नंबर नसेल तर पुढे चला.

• भाड्यात सफाईचे पैसे, कर आणि रात्रीचे पाच डॉलर मिळवूनच हॉटेलशी तुलना करा. एका रात्रीसाठी सफाईचा आकडा जड जातो, तीन रात्रींवर वाटला की हलका होतो.

• रविवार ते गुरुवार जा. मार्चमध्ये सेंट पॅट्रिक्स डेची परेड असते, 1824 पासूनची परंपरा. तेव्हा सगळं शहर फुल आणि दर आभाळाला. जुलै-ऑगस्टमध्ये घामाच्या धारा. जानेवारी-फेब्रुवारी खिशाला बरा.

• तळमजल्यावर ओल आणि कमी उजेड असू शकतो. दम्याचा त्रास असेल तर कॅरेज हाउसचा वरचा मजला मागा.

• गाडी एकदा लावली की विसरा. जुना भाग पायी होतो, 'डॉट' नावाची शटल बस फुकट, नदीपार नेणारी फेरीबोटही फुकट.

• ओवेन्स-थॉमस हाउस पहिल्याच दिवशी बघा, शेवटच्या दिवसावर टाकू नका. त्यानंतर तुमच्या स्वतःच्या खोलीच्या भिंती वेगळ्या दिसतील.